दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या सर आणि मॅडमना, एका गुरांच्या डॉक्टरचं खुलं पत्र

सर आणि मॅडम, नमस्कार.

मी गुरांचा डॉक्टर आहे, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात वीसेक वर्षं गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या, कधी कुत्री, कधी एखादं घोडं असं बघत फिरतोय. हे पत्र राज्यातल्या मराठी शाळांमधून दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे, कुठल्या एका शाळेला नाही, कारण चारपाच घरांतल्या पोरांच्या वह्या बघितल्या आणि सगळीकडे जवळपास तेच सापडलं.

माझी पुतणी यंदा दहावीला आहे. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती. चाचणीच्या आदल्या दिवशी तिची वही चाळत होतो तर त्यात लिहिलेलं, 'माणूस माकडापासून तयार झाला. शेपटीचा वापर न केल्यामुळे ती हळूहळू झडून गेली.' आणि पुढे लाल पेनाने बरोबरची खूण. मी म्हटलं हे कुठून आणलंस गं, तर म्हणाली काका वर्गात असंच सांगितलंय, लॅमार्क आणि डार्विन यातला फरक पाठ करा तो मार्काला येतो, बाकीचं फार मनावर घेऊ नका. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. राग नव्हता, वाईट वाटलं, कारण ज्या एका गोष्टीमुळे मला माझ्या कामातली प्रत्येक हाड, प्रत्येक नस कळते ती गोष्ट पोरीने 'मनावर घ्यायची नाही' म्हणून बाजूला ठेवली होती.

त्या रविवारी मी खाटकाकडून बोकडाचा एक पुढचा आणि एक मागचा पाय अख्खा मागून आणला, उकळून मांस काढलं, हाडं धुतली आणि सोप्यात पेपर अंथरून त्यावर ओळीने मांडली. पुतणीला म्हटलं तुझा हात याच्या शेजारी ठेव. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, तुझ्यातही एक. मग दोन हाडं, तुझ्यातही दोन, बोकडात ती एकमेकाला चिकटलेली. मग आपण ज्याला बोकडाचा पुढचा गुडघा म्हणतो तिथे बारीक बारीक सहा हाडं निघाली, आणि ती गुडघ्याची नाहीतच, ते त्याचं मनगट आहे, तुझ्या मनगटात तशी आठ असतात. म्हणजे बोकड आणि बैल आयुष्यभर बोटांच्या टोकांवर उभे राहतात. मनगटाखालचं लांब नळीचं हाड हातात देऊन तिला समोरची बारीक खाच दाखवली. ते एक हाड दिसतं पण ती दोन बोटांची तळव्यातली हाडं जुळून एक झालेली आहेत. गाभण गाय दगावली तर पोटातल्या कोवळ्या वासरात ती दोन्ही वेगळी दिसतात, मी स्वतः पाहिलीत. दोन खूर म्हणजे मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं नख, आणि मागे वर दोन बारकी नखं लोंबतात ना, ती तर्जनी आणि करंगळी. अंगठा गेला. घोड्यात याहून पुढे जाऊन एकच मधलं बोट राहिलं, शेजारच्या दोन बोटांच्या सुईसारख्या काड्या तेवढ्या आत नळीला चिकटून असतात, आणि त्या दुखावल्या की घोडं लंगडतं म्हणून आम्हाला त्या शिकाव्याच लागतात.

ती मग स्वतःच बोटं मोजत बसली. पुस्तकात हीच आकृती छापलेली आहे, माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. आकृती बघून ती तिला कळली नव्हती. हाड हातात घेऊन कळली. एकच नकाशा, घरं वेगवेगळी. कुणी नवीन घर मोकळ्या जागेत बांधायला बसला असता तर पळायला, उडायला, पोहायला एकच नकाशा कशाला वापरला असता? जुन्या वाड्यात भिंत घालून, दार बुजवून, माडी चढवून पिढ्यानपिढ्या राहिलं की जसं होतं तसं हे झालंय.

मानेतली एक नस सांगतो, कारण ती पुस्तकात नाही. आवाजाच्या पेटीला जाणारी नस मेंदूतून निघते, पेटी तर तिथून वीतभर अंतरावर, पण डाव्या बाजूची नस सरळ तिथे न जाता खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते. माणसात असं, गाईत असं, जिराफात तर ती काही मीटर खाली जाऊन पुन्हा वर येते. घोड्यात ही डावी नस निकामी झाली की पळताना श्वासाचा घरघर आवाज येतो. हा वळसा माशांच्या काळातला आहे. माशाला मान नाही, हृदय कल्ल्यांच्या जवळ, नस तिथून सरळ जायची, पुढे मान लांबत गेली, हृदय खाली गेलं, आणि नस रक्तवाहिनीला अडकलेली तशीच ताणत राहिली. आणि मानेचे मणके? उंदरात सात, माणसात सात, गाईत सात, जिराफात सात, देवमाशाला मान दिसतही नाही तरी सात. स्लॉथ आणि मॅनाटी (समुद्रगाईतला एक प्रकार) सोडले तर सस्तन प्राण्यांत हा आकडा मोडत नाही.

आता माकडाचं. सर, मॅडम, कृपा करून 'माणूस माकडापासून झाला' हे वाक्य फळ्यावर लिहू नका. आपल्याकडे जमिनीच्या कामासाठी तलाठ्याकडे वंशावळ काढतात, ती प्रत्येक घरातल्या पोराला माहिती असते, पणजोबा वर, खाली चार भाऊ, त्यांची पोरं, मग पुढची खातेफोड. देवळावर येणारं वानर हे आपलं भावकीतलं माणूस आहे, बाप नाही. आपला आणि त्याचा पूर्वज अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी एक होता, चिंपांझीशी आपली खातेफोड साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. 'मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत' हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, त्याला गप्प बसवू नका, त्याला विचारा तुझ्या चुलत्याची पोरं तुझ्या बापाची पोरं का होत नाहीत. त्याला लगेच कळतं.

आणि हे नातं नुसत्या चेहऱ्यावरून सांगत नाहीत. गाईला, शेळीला, कुत्र्याला लिंबू-आवळा लागत नाही, क जीवनसत्त्व त्यांचं शरीरच बनवतं. आपल्याला खावं लागतं, नाहीतर हिरड्यातून रक्त येतं. ते बनवण्याचं जे जनुक लागतं ते आपल्यातही आहे पण मोडकं, चालत नाही. आणि तेच जनुक चिंपांझीत मोडकं, आपल्या वानरांत आणि माकडांतही मोडकं. गिनीपिगमध्येही मोडलंय पण वेगळ्या जागी, त्याचं त्याचं. याला मला कायम पोथ्यांचं उदाहरण आठवतं. पूर्वी पोथ्या हाताने उतरवायचे, एकाने चूक केली की त्याच्यावरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तीच चूक त्याच ओळीत यायची. नाथमहाराजांनी शके १५०६ ला ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशा शिरलेल्या चुका काढूनच. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी दिसली तर त्या एकाच पोथीवरून उतरल्यात हे सांगायला फार मोठा पंडित लागत नाही.

बरेच जण वर्गात दशावतार सांगतात, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, बघा आपल्याकडे आधीच होतं. मी वारकरी घरातला आहे, दशावताराला हात जोडतो. पण श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी राहू द्या, कारण धडा शिकवायला हे उदाहरण घेतलं की पोराच्या डोक्यात शिडी बसते, मासा मग कासव मग डुक्कर मग माणूस, एकावर एक पायरी, आणि आपण सगळ्यात वर. कासवापासून डुक्कर झालं नाही. दोघांचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या वाटेला लागले, आणि कासव आजही तलावात मजेत आहे, ते काही कुणाच्या मागे राहिलेलं नाही. शिडीच्या जागी वडाचं झाड काढा फळ्यावर.

दुसरी गोष्ट, 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट'चं मराठी सर्रास 'बळी तो कान पिळी' असं सांगितलं जातं. हे वाक्य मुळात डार्विनचं नाही, हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने १८६४ ला वापरलं, डार्विनने ते आपल्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ ला घेतलं. आणि त्यात बळाचा संबंध नाही. माझ्या भागात खिलार गाय दिवसाला लिटर-दीड लिटर दूध देते, एचएफ म्हणजे होल्स्टीन ही युरोपातली गाय वीस लिटर देते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या गोठ्यात एचएफ जीभ बाहेर काढून धापा टाकते, गोचीडतापाने पडते, आणि खिलार त्याच उन्हात कडबा चघळत उभी असते. युरोपातल्या थंडीत आणि हिरव्या गवतात हेच उलटं झालं असतं. फिट म्हणजे त्या जागी, त्या काळात, ज्याची पोरंबाळं मागे राहतात तो. बस. 'बळी तो कान पिळी' असा अर्थ काढला की काय होतं ते गेल्या शतकाने पाहिलंय. डार्विनचाच भाऊबंद फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ ला 'युजेनिक्स' हा शब्द काढला, चांगल्या वंशाची माणसं वाढवा आणि बाकीच्यांची कमी करा असा विचार, आणि १९३३ ला जर्मनीत त्यासाठी जबरदस्तीने नसबंदीचा कायदाच आला. जात मानणाऱ्या आपल्या समाजात तर हे आणखी जपून शिकवायला पाहिजे. या सिद्धांतात वरचा आणि खालचा असं काही नाही, आणि वर्गातल्या पोरांना ते तुमच्याकडून स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळालं पाहिजे.

आता लॅमार्क आणि डार्विन, ज्याला मार्क आहेत. शेतकरी मला फोन करतो, डॉक्टर गोचिडांना औषधाची सवय झाली, काही फरक पडेना. 'सवय झाली' म्हणजे लॅमार्क, जगताना वापराने-सवयीने अंगात झालेला बदल पोरांत उतरतो असं म्हणणारा. प्रत्यक्षात काय होतं, गोचिडाची एक मादी दोनतीन हजार अंडी घालते. त्या हजारोंमध्ये एकदोन पिल्लं अशी असतात की जन्मतःच त्यांच्यावर ते औषध कमी चालतं, औषध मारायच्या आधीपासून. तुम्ही औषध मारलं, बाकी मेली, ती दोन राहिली, आता पुढची हजारो अंडी त्यांची. आठदहा हंगामांत गोठ्यात सगळी त्यांचीच प्रजा. एकाही गोचिडाला सवय लागलेली नाही. हा अख्खा धडा झाला, जास्त जन्म, थोडा फरक, निवड, वारसा. कासदाहाला अँटिबायोटिक मनाला येईल तसं वापरलं की जंतूंमध्येही हेच होतं, आणि ते जंतू गोठ्यापुरते राहत नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या सरांना तर हे सांगायला लांब जायला नको. बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं जंतूचं जनुक घातलेला, २००२ ला आला, दोन जनुकांचं बियाणं २००६ ला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरून ठेवली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं छोटं नॉन-बीटीचं पाकीट यायचं, शेताच्या कडेने लावायला, लोक त्याला रेफ्युजी म्हणतात. बहुतेकांनी ते फेकून दिलं, कारण कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलंच नाही, आणि अळी खाणारं पीक मुद्दाम कशाला लावायचं हा प्रश्न बरोबरच होता. ते पाकीट म्हणजे उत्क्रांतीचा धडा होता. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग आतल्या तगलेल्या मोजक्या पतंगांशी जुळावेत, आणि पुढच्या पिढीत बीटी पचवणारी अळी चटकन तयार होऊ नये एवढ्यासाठी. दहावीत हे नीट कळलेल्या पोराने ते पाकीट फेकलं नसतं.

डार्विनचं म्हणाल तर पोरांना तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. जहाजात बसला, बेटावर गेला, चिमण्या बघितल्या, सिद्धांत झाला. तसं नव्हतं, तो दहा ठिकाणचं गोळा करणारा माणूस होता. बीगल जहाज १८३१ च्या डिसेंबरात निघालं, पाच वर्षं फिरलं, त्यातले गॅलापागोसला जेमतेम पाच आठवडे. जहाजावर तो लायेलचं भूगर्भशास्त्र वाचत होता, पृथ्वी फार जुनी आहे आणि रोजच्या पाऊस-पाण्याने, भूकंपाने हळूहळू बदलत गेलीय हे त्याला तिथून मिळालं. वेळ भरपूर आहे हे कळल्याशिवाय पुढचं सुचणारच नव्हतं. मग १८३८ ला माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला, जन्मतात खूप, पुरतं थोड्यांनाच. आणि मग कबुतरं! स्वतः कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसला, कारण माणूस निवडून निवडून पैदास करतो तेव्हा किती फरक पडतो हे त्याला हातात घेऊन बघायचं होतं. त्याच्या १८५९ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आपला अकबर बादशहा आहे, दरबाराबरोबर वीस हजार कबुतरं असायची म्हणून. हे वर्गात सांगा ना, इतिहासाच्या तासाला अकबर वेगळा आणि विज्ञानाच्या तासाला डार्विन वेगळा असं कशाला.

आणि माझ्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे एडवर्ड ब्लाइथ. हा कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचा क्युरेटर होता, १८४१ पासून वीसेक वर्षं, आणि तिथून डार्विनला लांबलचक पत्रं लिहायचा, आपल्याकडच्या कोंबड्या, गाईबैल, त्यांच्या सवयी, त्यांचा आवाज. आल्फ्रेड वॉलेस या निसर्गअभ्यासकाचा १८५५ चा लेख वाचलात का म्हणून डार्विनला लिहिणाराही हाच. डार्विनने त्याच्या माहितीवरून लिहिलंय की वशिंडवाली भारतीय गाय आणि युरोपची गाय या वेगवेगळ्या मूळ वंशातून आल्या असाव्यात. नुसता आवाज, सवयी, अंगकाठी यांवरून काढलेला हा अंदाज, आणि दीडशे वर्षांनी डीएनएने तेच सांगितलं, दोघींचे रानटी पूर्वज काही लाख वर्षांपूर्वी वेगळे झालेले, युरोपातल्या गाईंचे पूर्वज पश्चिम आशियात माणसाळवले आणि आपली वशिंडवाली सिंधूच्या खोऱ्यात, साधारण आठ हजार वर्षांपूर्वी. खिलारीच्या वशिंडावर हात ठेवला की मला हे आठवतं, दर वेळी.

वॉलेसला विसरू नका. इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावर तापाने फणफणलेला असताना त्याला माल्थस आठवला आणि निवडीची तीच कल्पना सुचली, त्याने ती डार्विनलाच लिहून पाठवली. १ जुलै १८५८ ला लंडनला दोघांचं एकत्र वाचून दाखवलं, दोघेही हजर नव्हते, वॉलेस बेटांवर आणि डार्विनचं तान्हं पोर तीन दिवसांपूर्वी गेलेलं.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, लोक रात्रंदिवस त्याला पाण्यात ढकलायला धडपडले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्या पिल्लाचं आणि तुमच्या दारातल्या शेळीचं नातं एका हाडात आहे. बोकडाच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असतं, सुपारीपेक्षा जरा मोठं, वर आणि खाली दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खाच. अशी दुहेरी कप्पी गाय, शेळी, डुक्कर, हरीण, उंट यांच्यातच असते, घोड्यात नाही, कुत्र्यात नाही, आपल्यात नाही. पाकिस्तानात सापडलेल्या जुन्या, अजून पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्यात हीच दुहेरी कप्पी निघाली, ते २००१ ला जाहीर झालं. आपल्या जम्मू भागातल्या कालाकोटला ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी गोळा केलेले दगड त्यांच्या माघारी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत फोडले गेले, त्यात मांजराएवढ्या, खूर असलेल्या एका प्राण्याची कवटी निघाली, आणि कानाचं हाड देवमाशांसारखं जाड. इंडोह्यूस म्हणतात त्याला, २००७ ला जाहीर झालं, वय सुमारे पावणेपाच कोटी वर्षं.

तुम्हाला माहितीच आहे, २०२३ ला केंद्राच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, 'हेरेडिटी अँड इव्होल्युशन' या धड्याचं नुसतं 'हेरेडिटी' झालं, देशभरातल्या १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. आपल्या राज्याच्या पुस्तकात हा धडा पहिला आहे. दहावीनंतर आर्ट्सला, कॉमर्सला, आयटीआयला जाणाऱ्या पोराच्या कानावर हा विषय पुन्हा पडत नाही, गावातल्या बऱ्याच पोरांचा हा शेवटचा तास असतो. तुमच्यावर किती बाहेरची कामं लादलेली आहेत, जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं, हे मी जवळून बघतो, त्यामुळे जास्तीचे चार तास द्या असं म्हणत नाही. आहेत तेच तास या धड्याला पूर्ण द्या एवढंच मागतो.

माझ्याकडे बोकडाचे दोन्ही पाय, घोड्याची नळी काड्यांसकट, कोंबडीचा पंख आणि घोट्याची दहाबारा हाडं चुन्याच्या पाण्यात धुवून वाळवून ठेवलेली आहेत, प्रत्येक बाकावर एक फिरवता येईल एवढी. आटपाडी, खानापूर, जत या बाजूच्या कुठल्याही शाळेत मी स्वतः घेऊन येतो, पैसे वगैरे काही नको, शनिवारी सकाळच्या शाळेला मला जमतं. बाकीच्यांनी आपल्या गावातल्या गुरांच्या डॉक्टरला विचारा, आणि खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मागचा पाय घोट्यातून तोडू नको म्हणून, नाहीतर ते कप्पीचं हाड फुटतं.

तुमचा,
एक गुरांचा डॉक्टर